वर्कला : आई सोबत आहे, कड्यावरची खोली ठेवू की बदलू? उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय

मृण्मयी_क

नमस्कार. केरळमधल्या वर्कलाला कोणी जाऊन आलंय का? आम्ही तिघं जातोय, मी, भाऊ आणि आई. नॉर्थ क्लिफवर खोली घेतली आहे, खिडकीतून थेट समुद्र दिसतो अशी. काल एक मैत्रीण म्हणाली की तिथे गाडी दारापर्यंत जात नाही आणि खाली किनाऱ्यावर उतरायला नुसत्या पायऱ्या आहेत. हॉटेलवाल्याला दोनदा फोन केला. तो प्रत्येक प्रश्नाला 'नो प्रॉब्लेम मॅडम' एवढंच म्हणतो. पैसे न कापता खोली रद्द करायची मुदत उद्या रात्री बारापर्यंत आहे.

आईला किनाऱ्यावर जायचंच आहे. खोली ठेवू की बदलू? प्लीज, प्रत्यक्ष गेलेल्यांनीच सांगा. गूगलवरचं सगळं वाचून झालंय.

भटकी_मैना

ताई, अजिबात रद्द करू नका! गेल्या डिसेंबरात आम्ही पाच मैत्रिणी गेलो होतो. वर्कलाची सगळी जान त्या कड्यावरच आहे. कडेकडेने लांब पायवाट जाते, एका हाताला कॅफे आणि दुकानं, दुसऱ्या हाताला सरळ खाली समुद्र. सूर्यास्ताच्या वेळी सगळे खुर्च्या पश्चिमेकडे वळवून बसतात. पायऱ्या आहेत, पण पाच मिनिटांत खाली पोचतो आपण. सर्फिंगही शिकवतात. मी पहिल्याच दिवशी फळीवर उभी राहिले! उत्तरेकडे चालत गेलात तर काळ्या वाळूचा किनारा लागतो, तो चुकवू नका.

जुना_वाटसरू

मैना, तुमची पाच मिनिटं ती तुमची. धागाकर्तीने आईंचं वय लिहिलेलं नाही, गुडघे कसे आहेत ते लिहिलेलं नाही, कोणत्या महिन्यात जाताय तेही नाही. एवढं कळल्याशिवाय 'ठेवा' किंवा 'बदला' कोण सांगणार?

मृण्मयी_क

आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदललाय. सपाटीवर छान चालते, रोज अर्धा तास. पायरी मात्र एकेक घेते. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, आणि धरायला कठडा लागतो. वाळूत चालायची सवय नाही.

श्रीवर्धनकर

माझं ऐका, एवढा प्रवास कशाला? नेत्रावती एक्सप्रेसने गेलात तरी लोकमान्य टिळक टर्मिनसला सकाळी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरायचं. गुडघा बदललेल्या माणसाला बर्थवर इतका वेळ म्हणजे सजा. हरिहरेश्वरला जा. समुद्र तोच, देऊळ आहे, कातळाचे कडे आहेत, जेवण आपलं. वर्कलाला दक्षिण काशी म्हणतात तशी हरिहरेश्वरलाही दक्षिण काशीच म्हणतात. माझ्या वडिलांना ८० व्या वर्षी नेलं होतं, काही त्रास झाला नाही.

जुना_वाटसरू

श्रीवर्धनकर, हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग तुम्ही विसरलात. डोंगराच्या कपारीतून अरुंद पायऱ्या उतरून कातळावर यायचं आणि भरतीची वेळ चुकली तर लाट अंगावर. त्या कातळावर माणसं वाहून गेली आहेत. पायऱ्या टाळायला पायऱ्यांच्याच जागी कसं पाठवता?

श्रीवर्धनकर

प्रदक्षिणा करायलाच हवी असं मी कुठे म्हटलं? देवळापर्यंत गाडी जाते, पुळण सपाट आहे. आणि भरती-ओहोटी विचारून गेलं की काही होत नाही. आम्ही तिथेच वाढलोय.

दगडधोंडे

कड्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी, कारण ती सुरक्षिततेची आहे. वर्कलाचा कडा हरिहरेश्वरसारखा काळ्या कातळाचा नाही. वरती जांभा आहे, आपल्या रत्नागिरीच्या घरांना लागतो तोच. त्याच्याखाली वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर. या थरांना भूशास्त्रात वर्कलाचंच नाव आहे, 'वर्कल्ली' म्हणतात, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा कडा भूवारसा म्हणून जाहीर केला आहे. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि कड्याच्या अंगातून झऱ्यासारखं बाहेर येतं. पाणी गोडं असतं, समुद्रापासून काही पावलांवर. पण ह्याच पाण्याने मधले थर मऊ होतात, खालून लाटा पाया खातात आणि वरचा जांभा ढासळतो. पावसाळ्यात कड्याच्या काठाला आणि पायथ्याला अजिबात टेकू नये.

जाता जाता, जांभ्याला इंग्रजीत 'लॅटेराइट' म्हणतात, ते नावही केरळातच पडलं. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारातल्या अंगाडिपुरमला लोक हा दगड मऊ असताना कापून विटा करतात हे पाहिलं आणि १८०७ मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं. आमच्या गावात चिरा कापताना हेच पाहत मोठा झालो, म्हणून सांगितलं.

कोकणकडा_७

दगडधोंडे काका, म्हणजे गणपतीपुळ्याचा जांभाही तसाच ढासळेल का? आमचं घर अगदी उतारावर आहे.

दगडधोंडे

वेगळा धागा काढा, फोटो टाका. असं न बघता नाही सांगता येणार.

अनघा_त्रिवेंद्रम

मी चौदा वर्षं त्रिवेंद्रमला राहते, वर्कलाला वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं. मृण्मयीताई, तुमच्या मैत्रिणीने खरं सांगितलंय. कड्याच्या काठची वाट फक्त पायी चालायची आहे. गाडी हेलिपॅडपर्यंत येते, काही हॉटेलांना मागच्या गल्लीतून रिक्षा लागते, काहींना लागत नाही. 'मागच्या बाजूने रिक्षा खोलीपासून किती पावलांवर थांबते' हाच एक प्रश्न हॉटेलवाल्याला विचारा.

पायऱ्यांचं म्हणाल तर त्या उंच आहेत आणि एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याच्या जवळ. पावसात वरून लाल पाणी वाहत येतं आणि कडेला शेवाळ धरतं. मी स्वतः चप्पल हातात घेऊन उतरते. आईंना त्या वाटेने नेऊ नका.

पण किनाऱ्यावर जायला तोच एक रस्ता नाही! जनार्दनस्वामींच्या देवळाकडून जो रस्ता खाली येतो तो दोन कड्यांच्या मधून थेट पापनाशमच्या, म्हणजे वर्कलाच्या मुख्य किनाऱ्याच्या, वाळूपर्यंत जातो. रिक्षा शेवटपर्यंत येते. आईंसाठी देवळाच्या बाजूला खोली घ्या, खिडकीतून समुद्र नाही दिसला तरी चालेल. देवळात जायला मात्र पायऱ्या आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

आता दोन गोष्टी विचारते. तारीख काय? आणि किनाऱ्यावर 'जायचंच आहे' असं तुम्ही लिहिलंय, ते पाय भिजवायला की बलीसाठी, म्हणजे पितरांच्या तर्पणासाठी? पापनाशमला येणारी वयस्कर माणसं बहुतेक त्यासाठीच येतात.

मृण्मयी_क

अनघाताई, हो. बाबांच्या तर्पणासाठी. प्रश्न खोलीचा होता म्हणून ते लिहिलं नव्हतं.

बाबा गेल्या सप्टेंबरमध्ये गेले. लग्नानंतर लगेच त्यांची दीड वर्ष त्रिवेंद्रमला बदली होती, १९८० नंतरच्या काळात. दर रविवारी दोघं सकाळच्या गाडीने वर्कलाला यायची आणि संध्याकाळी परत. एक फोटो आहे. आई घोट्याइतक्या पाण्यात उभी आहे, एका हातात दोघांच्या चपला, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलून धरल्यात. मागे बाबांच्या अक्षरात शाईने 'पापनाशम' लिहिलंय. इथले विधी सगळे झाले. पण आई म्हणते, एकदा तिथे पाणी सोडायचंय.

११ ऑगस्टला संध्याकाळी नेत्रावतीने वर्कला शिवगिरीला उतरतोय, १५ ला परतीची गाडी. १२ ला सकाळीच किनाऱ्यावर जायचा विचार होता.

अनघा_त्रिवेंद्रम

अहो, कॅलेंडर काढा! १२ ऑगस्ट २०२६ म्हणजे आपली दिव्यांची अमावास्या, आणि इथली कर्किडक वावु. वर्षातला बलीचा सगळ्यात मोठा दिवस. आदल्या रात्रीपासून पापनाशमला माणसं येऊन बसतात, पहाटे तर पाय ठेवायला जागा नसते. पोलीस गाड्या लांबच अडवतात, म्हणजे मी सांगितलेला रिक्षाचा रस्ता नेमका त्या दिवशी उपयोगाचा नाही.

सनातनी_विचार

उलट यासारखा योग नाही. पितरांसाठी सर्वांत पुण्याचा दिवस आपोआप जुळून आलाय, तो सोडू नये. गर्दी तर कुंभातही असते. व्हीलचेअर लावा, पण दिवस तोच ठेवा.

जुना_वाटसरू

ओल्या वाळूत व्हीलचेअर ढकलून पाहिली आहे का कधी? चाक चार बोटं रुततं. दोघांनी उचलूनच न्यावी लागते. आणि ऑगस्टमधला समुद्र आहे. २०२४ च्या मार्चमध्ये, पाऊस नसताना, वर्कलाला तरंगता पूल लाटांनी हेलकावून माणसं पाण्यात पडली होती.

सनातनी_विचार

पूल आणि श्राद्ध यांचा काय संबंध? श्रद्धा असली की माणूस निभावून नेतो. माझ्या आजीने ८४ व्या वर्षी रामकुंडावर केलंय.

अनघा_त्रिवेंद्रम

त्या दिवसाचं महत्त्व मी कमी मानत नाही. माझ्या सासऱ्यांचं बली मी त्याच दिवशी केलंय. हो, इथे बायकाही करतात, कोणी अडवत नाही. पण पापनाशमला बली वर्षभर, रोज सकाळी होतं, गुरुजी बसलेलेच असतात. केळीच्या पानावर भात, तीळ, दर्भ, बोटात दर्भाचं पवित्र. ते मल्याळममध्ये सांगतात, आपण हातांनी करत जायचं, भाषा अडत नाही. शेवटी पान डोक्यावर धरून पाण्यात सोडायचं असतं. सासूबाई वाळूत बसू शकत नव्हत्या. गुरुजींनी त्यांना स्टुलावर बसवून सगळं करून घेतलं आणि पान तेवढं माझ्या नवऱ्याने नेऊन सोडलं. तुमच्या भावाला ते करता येईल. पावसाळ्यात आईंना लाटेच्या जवळ जाऊ देऊ नका, पाय ओढून नेते ती.

माझं म्हणणं असं. नेत्रावती पुढे त्रिवेंद्रमलाच जाते. वर्कलाला उतरूच नका. पुढचं तिकीट आत्ताच वेगळं काढा किंवा गाडीत टीटीईकडून वाढवून घ्या. दोन रात्री त्रिवेंद्रमला काढा, आई बाबांबरोबर राहायच्या ती गल्ली त्यांना दाखवा. अमावास्या तिथे जाऊ दे. १३ ला सकाळच्या गाडीने वर्कलाला या. तासाभराचा प्रवास आहे, आणि आई तेव्हा याच वाटेने यायच्या.

हनीमून_प्लॅन

इथेच विचारतो, आम्हाला डिसेंबरात जायचंय. जटायूचा मोठा पुतळा वर्कलाहून एका दिवसात होतो का? आणि अंचुतेंगूचा किल्ला बघण्यासारखा आहे का?

भटकी_मैना

दोन्ही होतात. जटायू चडयमंगलमला आहे, सकाळी निघा, वर केबलकारने जाता येतं. अंचुतेंगू दक्षिणेला दहा-बारा किलोमीटर, ईस्ट इंडिया कंपनीचा जुना किल्ला, अर्ध्या तासात बघून होतो. उत्तरेला कप्पिल जास्त सुंदर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी.

मृण्मयीताई, मी आधी जे लिहिलं ते आमच्या वयाच्या हिशोबाने लिहिलं. अनघाताई सांगतायत तेच करा. माझ्याकडे देवळाच्या रस्त्यावरच्या दोन साध्या घरगुती लॉजचे नंबर आहेत, तळमजल्यावर खोल्या आहेत. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

श्रीवर्धनकर

मला तर्पणाचं माहीत नव्हतं. मग वर्कलाच योग्य. प्रवासात आईंना लोअर बर्थ आणि दर दोन तासांनी डब्यात एक फेरी, एवढं पाळा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाडीची वेळ परत तपासून घ्या.

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. कड्यावरची खोली आत्ताच रद्द केली, पैसे परत येतायत. मैनाने दिलेल्या नंबरांपैकी एकाशी बोलले. तळमजला, दारात रिक्षा, बाथरूममध्ये धरायला दांडी नाही पण स्टूल देतो म्हणाले. १३ पासून दोन रात्री घेतली.

आईला अमावास्येचं सांगितलं. ती म्हणाली, तेरालाच जाऊ, आम्ही कायम मोकळ्या किनाऱ्यावरच गेलो. त्रिवेंद्रमला थांबायचं म्हटल्यावर तिने पत्ता तोंडपाठ सांगितला. शास्तमंगलम, मागच्या अंगणात फणसाचं झाड. घर असेल नसेल, बघू.

अनघाताई, शेवटचं विचारते. शास्तमंगलमहून पहाटे स्टेशनला रिक्षा मिळते का? आणि आदल्या दिवशी आईने उपास करायचा का?

अनघा_त्रिवेंद्रम

रिक्षा मिळते, रात्री सांगून ठेवा. वीसेक मिनिटं धरा. आदल्या दिवशी इकडे लोक एकदाच जेवतात, त्याला ओरिक्कल म्हणतात. आईंना औषधं असतील तर त्यांच्या वेळेने खाऊ द्या, गुरुजीही हेच सांगतील. तीळ-दर्भ सगळं तिथे मिळतं, आणायची गरज नाही. काठी असेल तर तिचं रबर नवीन बसवून आणा, आणि आईंना एक कोरडी साडी. पावसात लाटेपासून लांब बसलं तरी भिजायला होतं.