सर्व्हायव्हर बेनिफिट: साठीलाच घ्यावा की सदुसष्टपर्यंत थांबावं?

एडिसनवाली: अमेरिकेत नवरा गेल्यावर त्याच्या कमाईच्या हिशेबाने सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन खातं, बायकोला दरमहा देतं तो सर्व्हायव्हर बेनिफिट. त्यावर परवा 'गणिती' यांनी लिहिलं, "नवरा गेल्यावर साठीलाच सोशल सिक्युरिटीकडे धावणाऱ्या बायका आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात." डोकंच फिरलं. थांबायचं कशाच्या जोरावर? हे गेले तेव्हा घराचा हप्ता चालू, धाकटीची फी डोक्यावर. साठ भरताच फोन लावला, कारण हा अर्ज ऑनलाइन करताच येत नाही. ग्रामपंचायतीचा मराठी विवाहदाखला, घडीवर विरलेला, प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन गेले. धोंडा म्हणे!

गणिती: भावना बाजूला ठेवा. सदुसष्टला मिळणाऱ्या पूर्ण रकमेच्या साठीला 71.5 टक्केच मिळतात आणि ती कपात जन्मभराची. 2000 डॉलरचे 1430 होतात. माझी आई नव्वदीतही ठणठणीत आहे. तितकं जगलात तर महिन्याचे 570 कुठून आणणार?

एडिसनवाली: आणि सात वर्षांत हातात आलेले 1,20,120? ते का नाही धरले? 570च्या फरकाने ते भरून निघायला साडेसतरा वर्षं लागतात. चौऱ्याऐंशी उलटेपर्यंत मीच पुढे.

सदाशिवपेठी: आधी नोकरी आहे का ते विचारा. सदुसष्ट भरायच्या वर्षाआधी पगार त्या वर्षाच्या मर्यादेपेक्षा (2025 साली ती 23,400 डॉलर होती) जास्त असेल तर वरच्या दर दोन डॉलरमागे एक रोखून धरतात. स्वतःच्या पेन्शनसाठी लागणारी 40 क्रेडिट्स, म्हणजे कमाईवर जमा होणारे गुण, असतील तर साठीला नवऱ्याचा घ्यावा, स्वतःचा सत्तरीपर्यंत वाढू द्यावा. सदुसष्टनंतर तो वर्षाला 8 टक्के वाढतो, नवऱ्याचा वाढत नाही. (सदुसष्ट हे वय 1962 आणि नंतर जन्मलेल्यांसाठी.)

पूर्वीची इंजिनियर: स्वतःची क्रेडिट्स! 40 म्हणजे किमान दहा वर्षांची कमाई. 2015पर्यंत एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, कामाची परवानगीच नव्हती, नंतरही सरसकट नाही. डिग्री कपाटात, मी स्वयंपाकघरात. ग्रीन कार्ड आलं तोवर मला कोणी उभं करेना.

गणिती: व्हिसाचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर गा.

पूर्वीची इंजिनियर: रडगाणं? तुमचा कमाईचा रेकॉर्ड भरत होता तेव्हा घर कोण सांभाळत होतं? शब्द मागे घ्या.

एडिसनवाली: घ्याच. आमच्या पिढीतल्या कितीजणींना नवऱ्याच्या खात्याचा पासवर्डही ठाऊक नसतो, आणि उपदेश काय, तर थांबा!

सदाशिवपेठी: मूळ प्रश्न राहिला बाजूला. पण बाईंचं खरं आहे, ज्यांचा स्वतःचा रेकॉर्डच नाही त्यांना माझी युक्ती निरुपयोगी.

गणिती: बरं, शब्द मागे घेतला. घरात दुसरा पैसा नसेल तर साठीला घ्या, एवढं मान्य. पण घर फिटलंय, पगार चालू आहे, तिला मी थांबच म्हणणार.

नवी सदस्य: मी अठ्ठावन्नची. पुन्हा लग्नाचं ठरतंय. याने काही फरक पडतो?

सदाशिवपेठी: पडतो! साठीच्या आत केलंत तर ते लग्न टिकेपर्यंत पहिल्या नवऱ्याच्या रेकॉर्डवर काही मिळणार नाही. साठीनंतर केलंत तर हक्क शाबूत. तारीख पुढे ढकला.

एडिसनवाली: आणि थांबायचं नसेल तर करून टाका हो. पण हिशेब आधी स्वतः मांडा, होणाऱ्या नवऱ्यावर सोडू नका.