एकाच घरातल्या दोन बातम्या

तरुणांच्या बातम्या खपतात, म्हाताऱ्यांच्या नाहीत, असं कुणीतरी लिहिलंय. मी मुक्त पत्रकार आहे, माझा अनुभव थोडा वेगळा. संपादक दोन्ही घेतात, पण वेगवेगळ्या पानांवर. (मानधन मात्र दोन्हींचं सारखंच उशिरा!)

सदाशिव पेठेत एमपीएससीची पोरं गाठायची तर रात्री अभ्यासिका सुटल्यावर, चहाच्या टपरीवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या वर्णनात्मक (सविस्तर उत्तरं लिहायच्या) परीक्षेविरुद्ध ती पुण्यात रस्त्यावर बसली आणि तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. तेव्हा मला संपादकांचे फोनवर फोन येत होते. आता त्यातल्याच एकाची वयोमर्यादा संपत आलीय म्हटलं, तर "यात बातमी काय?"

म्हातारी माणसं एसटी स्टँडवर भेटतात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे, त्यामुळे गप्पांना निवांत वेळ असतो. तिथे एक आजी म्हणाल्या, श्रावणबाळ योजनेच्या सरकारी पेन्शनचे १,५०० रुपये आले की त्यातले हजार पुण्याला नातवाच्या मेसला जातात. हे लिहून पाठवलं, तर विचारणा आली: हा लेख 'युवा' पुरवणीत घ्यायचा की 'ज्येष्ठ'मध्ये? अजून पडूनच आहे.