भुलाबाई मैत्रिणींनी मिळून बसवायची आहे: मूर्ती, धांडे, खिरापत यांचं कसं करावं?

धुऱ्यावरची:
दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. भुलाबाई-भुलोजीची मातीची मूर्ती बसवून पोरींनी संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणायची आणि खिरापत वाटायची, ही भुलाबाईची रीत बऱ्याच वर्षांपासून बंद पडली आहे, यंदा आम्ही तेरा जणींनी बसवायचं ठरवलं. काही कॉलेजात जातात, काही वेचणीला जातात, दोघी लग्न झालेल्या आहेत आणि दसऱ्याला माहेरी येतील. मूर्ती घरीच करायची आहे, शेतातली काळी माती चालेल का? शिवारात सगळं सोयाबीन आणि कपाशी, मग ज्वारीचे धांडे (ताटं) कुठून आणायचे? आणि खिरापतीचा, म्हणजे गाण्यांनंतर वाटायच्या खाऊचा, भार कोणाच्या घरावर पडू नये, यासाठी काय करता येईल?

मातीकाम:
काळी माती घेऊ नका ताई. ओली असताना ती फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून मूर्तीला हमखास भेगा पडतात. गावातल्या किंवा जवळच्या कुंभाराकडून चार-पाच किलो चाळलेली माती आणा, भुलाबाई आणि भुलोजी दोघं वीतभर उंचीचे त्यात होतात. माती रात्रभर भिजवा. सकाळी त्यात मूठभर सरकी काढलेला कापूस पिंजून मिसळा आणि हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळा. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात.

बैठक आधी करा, मग धड. हात अंगाला चिकटलेलेच ठेवा, सुटे हात हमखास तुटतात. मान सगळ्यात नाजूक, तिच्यात खराट्याची बारीक काडी घाला. डोकं जोडताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढा आणि पातळ चिखल लावून दाबा, नुसतं टेकवलं तर वाळल्यावर निखळतं. भुलोजीचा फेटा आणि भुलाबाईच्या मांडीवरचा गणपती शेवटी.

पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, पुढचे चार-पाच दिवस सावलीत. उन्हात ठेवली की वरची कड आधी वाळते, आत ओल राहते आणि मूर्ती फुटते. रंगाला गेरू आणि चुना पुरे. ऑइल पेंट लावला तर विसर्जनाला माती विरघळत नाही.

वऱ्हाडची लेक:
खिरापतीबद्दल सविस्तर लिहिते, कारण भुलाबाईचा खरा जीव तिच्यातच आहे.

आधी दिवस ठरवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पूर्ण महिना ही जुनी रीत, पण शेवटचे पाच दिवस बसवणारी घरंही पुष्कळ आहेत. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीस आहे. तोवर सोयाबीनची सोंगणी आटोपलेली असते, कापूस मात्र फुटलेला असतो. वेचणीवरून आलेल्या पोरींना हातपाय धुऊन दोन घास खायला वेळ हवा, म्हणून साडेसातच्या आधी बोलावू नका. अंधाऱ्या गल्लीतल्या घरांचा नंबर आधी लावा आणि परतताना सगळ्या सोबत निघा.

आता भार. एकच नियम करा आणि तो कडक पाळा: खिरापत घरातल्या जिनसांचीच, विकतचं पाकीट नाही, मिठाई नाही. एका घरी काजूकतली आली की दुसऱ्या दिवशी फुटाणे देणारी पोरगी खाली मान घालते, आणि मग हळूहळू यायचीच बंद होते. ज्या घरी तंगी किंवा आजारपण आहे तिथे दोघींची जोडखिरापत ठेवा; कोणी काय आणलं हे विचारायचं नाही. तेरा जणींना पाव किलो मुरमुरे, किंवा अर्धा किलो भाजलेले शेंगदाणे, किंवा चारशे ग्रॅम फुटाणे भरपूर होतात.

डबा हलवून आवाजावरून आतली खिरापत ओळखायची, या खेळात गडबड होते ती डब्यामुळे. स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि अर्धाच भरा. गच्च भरला तर आवाजच येत नाही. मुरमुरे खसखसतात, फुटाणे टणटणतात, लाडू गडगडत एका बाजूला येऊन आदळतो. शिरा, उसळ, उकडलेल्या शेंगा चूप बसतात, तेव्हा “गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं?” असे प्रश्न विचारायचे. तीन चुका झाल्या की एक खूण द्यायची, म्हणजे खेळ ताणत नाही. फोडणीचे मुरमुरे तासभर आधी करून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकण लावलं तर वाफेने सादळतात, आणि दारातच फोडणीचा वास आला तर ओळखायला काय उरलं?

गंजभर दूध:
धांड्यांसाठी आतापासूनच सांगून ठेवा. रानडुकरं आणि पाखरांच्या त्रासाने ज्वारीचा पेरा कमी झाला आहे, पण गुरांच्या कडब्यासाठी कोणी ना कोणी दोन-चार तासं लावतंच. कणसासकट पाच धांडे लागतात. तोडून आणलेले दोन दिवसांत सुकतात, म्हणून कोजागिरीच्या सकाळीच आणा. कणसाच्या वजनाने ते वाकतात, त्यामुळे बुडखा ओल्या रेतीच्या बादलीत पक्का रोवा आणि शेंडे सुतळीने एकत्र बांधा. खोपीसारखा आकार येतो, खाली पाटावर मूर्ती.

कोजागिरीला वीस जणांसाठी पाच लिटर दूध घ्या, आटून चार राहतं. जाड बुडाचा गंज (पातेलं) आधी पाण्याने विसळा आणि ढवळताना उलथनं तळाला घासून फिरवा. बुड लागलंच तर खरवडू नका, वरचं दूध दुसऱ्या गंजात काढा. साखर चारशे ग्रॅम, शेवटी. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध तापवल्याशिवाय एकत्र करू नका. एकातली आंबट कसर सगळं नासवते.

धुऱ्यावरची:
जोडखिरापत लगेच ठरवून टाकली. गाणी मात्र कोणालाच पूर्ण येत नाहीत. टिपऱ्याही नाहीत.

वऱ्हाडची लेक:
गावातल्या आज्यांना एकेकटीला विचारलं तर दोन कडव्यांवर थांबतात. तिघी-चौघींना दुपारी एका ओसरीवर बसवा, एकीचं अडलं की दुसरी उचलते. मोबाईलवर रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा आणि फोन जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा. वहीत उतरवून घेताना आज्या म्हणतात तसंच लिहा. शब्द ‘शुद्ध’ केले की ठेका मोडतो. एक आज्जी वेगळं म्हणत असेल तर तेही शेजारी लिहा.

टिपऱ्या बाभळीच्या वाळलेल्या फांदीच्या करा, हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड. साल काढून टोकं गोल घासा, नाहीतर बोटांत कुसळं जातात. ओल्या लाकडाच्या केल्या तर आवाज बसका येतो.