जे.जे.ची यादी: चित्रकारांपलीकडे

मुंबईच्या सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी केली की रझा, गायतोंडे, तय्यब मेहता हे चित्रकार येतातच, पण जे.जे. म्हणजे फक्त चित्रकार नव्हेत. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांना विसरून कसं चालेल? विद्यार्थिदशेतच त्यांनी 'मंदिरपथगामिनी' ही देवळाकडे निघालेल्या स्त्रीची मूर्ती घडवली. प्लास्टरमधलं काम, पण साडीच्या चुण्या पाहा, कापडच वाटतं.

आणि कोल्हापूरच्या भानू अथय्या! माहेरच्या राजोपाध्ये. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलोंसह ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याआधी, १९५३ साली, प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती. हे फार कमी लोक सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छायाचित्रकार होमाई व्यारावाला आणि दादासाहेब फाळकेही इथलेच.