कामाच्या मावशींचा वेगळा कप : मुलांना काय सांगावे?

पाऊलवाट

गेल्या रविवारी माझी सात वर्षांची मुलगी भातुकली मांडून बसली होती. तिने चार कप ओळीने लावले, बाबांना, आजीला, दादाला आणि मला खोटा खोटा चहा ओतला, आणि मग पाचवा कप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. तो तिथे का, असे मी विचारले तेव्हा खेळात व्यत्यय आणल्याबद्दल माझ्याकडे रागाने पाहून ती म्हणाली, "हा मावशींचा आहे ना."

आमच्याकडे अकरा वर्षे धुणेभांडी करणाऱ्या मावशींचा कप खरोखरच तिथे असतो. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो वेगळा ठेवा, असे कोणी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही; कान तुटला, टाकून देववेना म्हणून बाजूला राहिला आणि पुढे त्यांचाच झाला. मावशी आम्हा सर्वांचे कप घासून मांडणीत लावतात आणि आपला कप शेवटी विसळून कट्ट्यावर पालथा घालतात. त्यांची जात मला ठाऊकसुद्धा नाही, हे मी आजवर थोड्या अभिमानानेच सांगत आले. त्याच आठवड्यात थोरला मुलगा जेवणाच्या टेबलावर बसून इतिहासाची उजळणी करत होता : महाड, चवदार तळे, २० मार्च १९२७. त्याच्या खुर्चीपासून तो कप चार पावलांवर होता आणि मी त्या दोहोंच्या मध्ये उभी राहून भाजी चिरत होते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्या कपांपैकी एकात चहा दिला. त्यांनी तो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि चहा कट्ट्यावरच्या कपात ओतून घेतला. "असू द्या ताई, मला माझाच बरा." सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. माझे मत असे, की मावशींना संकोच वाटला तरी तो कप आता घरातून गेला पाहिजे, कारण मुले आपण काय सांगतो यापेक्षा वस्तू कुठे ठेवतो हे अधिक नीट पाहतात. आपणांस काय वाटते?

जुना वाडा

राईचा पर्वत होतो आहे, असे मला स्पष्ट वाटते. आमच्या घरात प्रत्येकाचा पेला वेगळा असे; वडिलांच्या पेल्याला आम्हा भावंडांपैकी कोणी हात लावत नसू आणि त्यातून कोणाचा अपमान होतो असे कोणाला सुचलेही नाही. मूल जे पाहते ते खेळात उतरवते; त्यात उच्चनीचता तुम्ही घातलीत, तिने नव्हे. शिवाय मावशींनी स्वतःच्या तोंडाने 'माझाच बरा' म्हटल्यावर त्यांच्या इच्छेपेक्षा तुमच्या मनाची टोचणी मोठी कशी ठरते? त्यांना चहा हवा होता, तुमचे प्रायश्चित्त नको होते.

खारी

वडिलांचा पेला आणि हा कप एका मापाने मोजता येणार नाहीत. आपल्या वडिलांचा पेला मानाचा होता म्हणून वेगळा होता, आणि तो ठेवला जात असे घरातल्या इतर भांड्यांबरोबरच. हा कप फुटका आहे म्हणून त्यांचा झाला. स्वच्छतेचे कारण अजून कोणी पुढे केलेले नाही, पण ते येईलच, म्हणून आधीच विचारते : ज्या हातांनी घासलेल्या ताटात आपण जेवतो, त्या हातांनी धरलेला कप तेवढा अस्वच्छ कसा? सर्दी झालेल्या पाहुण्याला आपण कट्ट्यावरचा कप देतो का?

संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध ठरवले. 'कोणत्याही स्वरूपातले' हे शब्द तिथे आहेत याला अर्थ आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना संकोच वाटेल का, याची वाट ते पाहत बसले नव्हते.

साधा हिशेब

मला दोन्ही बाजू सोयीच्या वाटतात. कप बदलायला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण कपावर बोलतो. मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का? दोन खाड्यांनंतर पगार कापला जातो का? त्या आजारी पडल्या तर महिन्याचे पैसे पूर्ण मिळतात, की 'बदली बाई पाठवा' असे सांगितले जाते? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. अकरा वर्षांत आपण मावशींना त्याबद्दल एकदा तरी सांगितलेत का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी २०११ साली १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला, त्यात साप्ताहिक विश्रांती आहे, पण भारताने तो अद्याप मंजूर केलेला नाही. त्यामुळे सुट्टी द्यायची की नाही हे आपल्या स्वयंपाकघरातच ठरते. त्यावर मुलांसमोर बोलावे. कप राहिला तरी चालेल, असे मी म्हणत नाही. पण केवळ कप गेला, तर मुलगी शिकेल ती टापटीप.

उंबरठा

माझ्या आईने बावीस वर्षे लोकांकडे धुणेभांडी केली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर जात असे आणि दाराशी बसत असे. तीही म्हणायची, 'मला माझाच बरा.' त्याचे कारण पुढे एकदा तिने मला सांगितले : त्यांच्या कपाचा टवका उडाला तर वर्षभर ऐकावे लागते, आपल्या कपाचा उडाला तर कोणी विचारत नाही. तेव्हा मावशींचे बोलणे ही पसंती आहे असे 'जुना वाडा' यांनी धरून चालू नये आणि तो संकोच आहे असे मूळ लेखिकेनेही ठरवून टाकू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक लागलेली आहे. आईला टायफॉइड झाला तेव्हा एक ताई तिला पाहायला आमच्या खोलीवर आल्या होत्या. बाई मनाने खरोखर चांगल्या. माझी शाळेची फी दोनदा त्यांनीच भरली होती. आईने अंथरुणातून उठून, लग्नात मिळालेल्या आणि कधी न वापरलेल्या सेटमधला कप काढायला मला लावले. मी चहा केला. ताई म्हणाल्या, "अगं, आत्ताच घेऊन निघाले." चहा तसाच निवत गेला, साय धरली, आणि त्या गेल्यावर आईने तो मला प्यायला लावला. म्हणून विचारते, आपण कधी मावशींच्या घरी जाऊन चहा घेतला आहे का, आणि मुलीला बरोबर नेले आहे का?

जुना वाडा

'उंबरठा' यांचा अनुभव वाचून मी माझे 'इच्छा' हे विधान मागे घेतो. परंतु मूळ आक्षेप कायम आहे, किंबहुना तो आता मला नेमका सापडला. अडचण सासूबाईंची आहे आणि मूळ लेखिकेने परीक्षा घेतली ती मावशींची. घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी समोरासमोर बोलायचे टाळून, जिची नोकरी या घरावर अवलंबून आहे तिच्या हातात नवा कप ठेवला, आणि तोही सासूबाईंच्या देखत. तिने दुसरे काय करायला हवे होते?

पाऊलवाट

हे मला झोंबले, कारण खरे आहे. मावशींना सुट्टी नाही. दोन खाडे माफ आणि पुढचे कापायचे, ही पद्धत मी लग्न होऊन आले तेव्हापासून चालत आली आहे आणि महिनाअखेरीस तो हिशेब मीच करते. मंडळाच्या नोंदणीचे मला माहीत नव्हते. त्यांचे घर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर आहे, आणि अकरा वर्षांत मी तिथे एकदाही गेलेले नाही.

येत्या महिन्यापासून रविवारची पगारी सुट्टी द्यायची, हे काल मी घरात सांगितले. त्या दिवशीची भांडी कोण घासणार, यावर आज सकाळपासून बोलणे चालू आहे आणि अद्याप कोणाचेच नाव पुढे आलेले नाही. सासूबाईंशी कपाविषयी मी बोललेले नाही. त्या दुपारी झोपून उठल्या, की आज बोलते.