अँबॅसेडरला इसुझूचा ५ स्पीड गिअरबॉक्स, ६० च्या पुढे खालून थरथर. शाफ्ट की फाउंडेशन?

कोल्हापूरची_मार्क३
नमस्कार मंडळी. घरची १९७८ ची मार्क ३ आहे, आजोबांनी घेतलेली, विकायचा प्रश्नच नाही. जुनं १४८९ सीसीचं इंजिन पार दमलं होतं म्हणून १.८ इसुझू इंजिन आणि त्याचाच ५ स्पीड गिअरबॉक्स बसवून घेतला, आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर सगळं झालंय. मागची फाउंडेशन (गिअरबॉक्सला धरणारा आधार) नवीन केली, म्हणजे एक आडवी पट्टी फ्लोअरला वेल्ड केली आणि त्यावर गिअरबॉक्सची शेपटी रबर न घालता थेट बोल्ट केली. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी नळी) कापून आखूड करून घेतला, पुढे स्लिप योक (गिअरबॉक्समधे आतबाहेर सरकणारं टोक) आहे, मधे सेंटर बेअरिंग नाही. आता ६० पर्यंत गाडी मस्त पळते आणि ६० ते ७० मधे सीटखालून अशी थरथर येते की आरसा हलतो. गॅरेजवाले म्हणतात बॅलन्सिंग करा, वेल्डर म्हणतो फाउंडेशन अजून कडक करू. नेमकं कुठून सुरुवात करू?

पाटे_आणि_क्रॉस
कडक अजिबात करू नका! रबराशिवाय बसवलेला गिअरबॉक्स म्हणजे प्रत्येक हादरा थेट फ्लोअरमधे, शिवाय शेपटीचं हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, त्याचे कान कधी ना कधी तडकणार. पुढे इंजिनला रबर आणि मागे लोखंड असं तर मुळीच नको, इंजिन हलणार आणि सगळा पीळ शेपटीवर येणार.

पहिलं एक बघा. ६५ ला थरथर आली की त्याच स्पीडला चौथ्यातून पाचव्यात टाका. तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे फिरते सांधे), डिफरन्शियल किंवा चाकं. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर इंजिन किंवा क्लच.

मग फाउंडेशन. हे शाफ्टच्या आधी पक्कं व्हायला पाहिजे, कारण शेपटी वरखाली झाली की अँगल बदलतो आणि पुढेमागे झाली की लांबी, मग आधी कापलेला शाफ्ट काय कामाचा. वेल्ड केलेली पट्टी काढा, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) बोल्टचा करा. अँबीला वेगळी चॅसी नाही, फ्लोअरचा पत्राच सगळं झेलतो, त्यामुळे बोल्टच्या दोन्ही बाजूंना रुंद प्लेट आणि बॉक्स सेक्शनमधे पोकळ नळी घाला, नाहीतर बोल्ट आवळला की पत्रा चेपतो. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार तिथूनच मागे येतात, त्यांना आणि सायलेन्सरच्या पाइपला जागा सोडा. भोकं लांबट ठेवा म्हणजे सेटिंग करता येतं. शेवटी सगळे फाउंडेशन बोल्ट सैल ठेवून इंजिन थोडा वेळ चालवा, आपापल्या जागी बसू द्या आणि मगच आवळा.

कोल्हापूरची_मार्क३
दादा, चौथा-पाचवा करून बघितलं, थरथर तशीच राहते. म्हणजे मागेच. अँगल कसा मोजायचा तेवढं सांगा.

नाशिक_टर्नर
मी सांगतो. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या, चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर मोजलेलं चालत नाही कारण पाटे (मागच्या लीफ स्प्रिंगा) लोंबकळतात आणि सगळे आकडे खोटे येतात. मोबाइलच्या अँगल अ‍ॅपने तीन ठिकाणी मोजा, गिअरबॉक्सची शेपटी, शाफ्टची नळी आणि पिनियनचा फ्लँज (डिफरन्शियलचं पुढचं तोंड, जिथे शाफ्ट जोडतो). शेपटी आणि पिनियन जवळजवळ समांतर हवेत, आणि प्रत्येक क्रॉसवर १ ते ३ डिग्री कोन हवा. शून्यही नको, कारण मग क्रॉसची बेअरिंगं फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पडतात. पाट्याच्या गाडीत जोर दिला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा १ डिग्री खाली असलेलं बरं.

आणि आखूड केलेल्या शाफ्टचे दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते आधी बघा!! वेल्डिंग करताना ५-१० डिग्री फिरलं तरी कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. सपाट टेबलावर ठेवून बघितलं तर लगेच कळतं. लांबी अशी घ्या: योक पूर्ण आत ढकला, २० ते २५ मिमी बाहेर ओढा आणि तिथून क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजा. जास्त लांब झाला तर खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल वर आला की योक आत जाऊन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आदळतो, आखूड झाला तर योकला धर कमी पडतो आणि शेपटीचा बुश, ऑइल सील दोन्ही जातात.

कोल्हापूरची_मार्क३
मोजलं. शेपटी मागे ५.५ डिग्री खाली, शाफ्ट ४, पिनियन ३. आणि योक खरंच एका रेषेत नाहीत, डोळ्यांनी दिसतंय!

पाटे_आणि_क्रॉस
सापडलं की मग. शेपटी साधारण दीड डिग्री वर घ्या. पुढच्या फाउंडेशनपासून मागची ८० सेंमी असेल तर १ डिग्रीला १४ मिमी पडतात, म्हणजे २१ मिमी. वर टनेलला (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याला) लागत नाही ना ते हात घालून बघा. शेपटी ४ वर आली की शाफ्ट ५ च्या आसपास जाईल, पिनियन ३ वरच राहील आणि जोर दिल्यावर ४ होईल, म्हणजे चालत्या गाडीत समांतर. पाट्याखाली पाचर घालायची गरजच नाही. हे झाल्यावर लांबी परत मोजा, तीच घेऊन शाफ्ट नव्याने वेल्ड करा आणि स्लिप योक लावूनच डायनॅमिक (शाफ्ट मशीनवर फिरवून) बॅलन्सिंग करा. उद्यमनगरात टर्नरची काय कमी आहे तुम्हाला.

अजून एक, जुनं इंजिन, गिअरबॉक्स आणि मूळ शाफ्ट भंगारात देऊ नका. गाडी ५० वर्षांची झाली की व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण त्याला इंजिन बदललेलं चालत नाही. फ्लोअर न कापता बोल्टचं फाउंडेशन केलंत तर परत मूळ रूपात आणता येईल.

कोल्हापूरची_मार्क३
जुनं सगळं गोठ्यात झाकून ठेवलंय, आजोबा देऊच देणार नाहीत 🙏 पट्टी उद्याच काढतो. रबर फाउंडेशन काँटेसाचं (हिंदुस्तान मोटर्सचीच दुसरी गाडी) चालेल का?

नाशिक_टर्नर
१.८ काँटेसाला इंजिन-गिअरबॉक्स हेच होतं, त्यामुळे तिथूनच शोधा. घेताना रबर धातूपासून सुटलेलं नाही ना ते पिळून बघा, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर नवीन पाकिटातलं असलं तरी चिरलेलं निघतं. आणि नवीन शाफ्ट बसवल्यावर पुढच्या टोकाखाली लोखंडी पट्टीचा सेफ्टी लूप टाका, क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर टेकणार नाही.