तीनोसची जत्रा आणि गुडघ्यांचा प्रश्न

चिकित्सक: ग्रीसच्या तीनोस बेटावर ‘काय ती निर्मळ श्रद्धा!’ अशी पोस्ट परवा इथे वाचली, तेव्हापासून डोकं तापलंय. बंदरापासून येशूची आई मरियम हिच्या देवळापर्यंत चढावर गालिच्याची पट्टी टाकलीय, त्यावरून माणसं गुडघे घासत वर जातात. जोगिणीला दृष्टान्त झाला, १८२३ साली शेत खणलं, चित्र निघालं. ऐन स्वातंत्र्ययुद्धात! आपल्याकडचं लोटांगण म्हणजे अंधश्रद्धा आणि हे मात्र हेरिटेज?

दर्यावर्दी: आत गेला असतात तर छताला टांगलेली चांदीची गलबतं दिसली असती. एकाच्या बुडाला मासा अडकवलाय. तुफानात भोक पडलं, मासा येऊन त्यात बसला, जहाज तरलं. नवस फेडलाय खलाशांनी.

चिकित्सक: आणि १५ ऑगस्ट १९४०? ऐन जत्रेच्या दिवशी, सणासाठी नांगरलेली ‘एली’ युद्धनौका इटलीच्या पाणबुडीने तिथेच बुडवली. तेव्हा मासा कुठे होता?

माहेरवाशीण: माणसं मेली त्यात. इटलीने युद्धसुद्धा पुकारलं नव्हतं. विनोद सुचतोच कसा? शिवाय त्याच देवळाच्या संस्थानाच्या पैशावर चित्रकार गिझिस म्युनिकला शिकला, शिल्पकार हालेपासही.

रांगेतला: संस्थानाचं नाव काढू नका. आमच्याकडे मागच्या महिन्यात आई साडेतीन तास उभी, पासवाले बाजूच्या दाराने आत. सत्तरीची बाई हो! तिथे निदान सगळे एकाच गालिच्यावर.

चिकित्सक: पासचा विषय वेगळा धागा काढून मांडा. गिझिस मान्य. दोनशे वर्षांत दोन कलाकार, टाळ्या.

दर्यावर्दी: घरात बसून टाळ्या सोप्या आहेत. आमचा मालक ग्रीक, कॅप्टनच्या केबिनमध्ये खलाशांचा रक्षक संत निकोलस, त्याचं चित्र. बिस्केच्या उपसागरात इंजिन बंद पडलं, जहाज लाटांना आडवं. कॅप्टनने छातीवर क्रूस काढला. आमचा सेकंड इंजिनियर चिपळूणचा, त्याने गणपतीला पाच नारळ बोलले. चाळीस मिनिटांत इंजिन सुरू.

चिकित्सक: नारळ बोलून झाल्यावर त्याने काय केलं?

दर्यावर्दी: फ्युएल फिल्टर बदलला.

चिकित्सक: बास.

दर्यावर्दी: बास काय? बदलताना हात थरथरत नव्हते त्याचे. माझे थरथरत होते, आणि मी काहीच बोललो नव्हतो.